चाळिशी लागली तेव्हा

न्हावऱ्याच्या फाट्यावर शिरूरची गाडी येऊन थांबली तेव्हा ती आधीच इतकी भरलेली होती, की कंडक्टरनं खाली उतरण्याचीही तसदी घेतली नाही. दारातूनच दोन बोटं दाखवली. दोघंच. जानेवारीतली सकाळ होती. कांद्याच्या वाफ्यांवरून येणारा गार वारा कानात शिरत होता. द्वारका ओव्हाळ हातातली लाकडी पेटी छातीशी धरून चढली, आणि तिच्या मागोमाग पांढऱ्या टोपीतला एक उंच माणूस.

शेवटच्या बाकावर दोघांपुरती जागा निघाली. गाडी सुटली. पहिल्याच खड्ड्याला पेटी खुळखुळली.

"द्या हिकडं," तो म्हणाला.

"राहू दे. काचा आहेत त्यात."

"म्हणूनच म्हणतो. तुमचं पाय खाली टेकंनात. म्होरं रस्ता लई वंगाळ हाय – पेटी आन् तुम्ही, दोघी बी उडाल."

पाय टेकत नव्हते हे खरंच होतं. द्वारकानं पेटी दिली. त्यानं ती मांडीवर घेतली, दोन्ही हात वर ठेवले, आणि मग खड्डे आले तरी पेटीतून आवाज आला नाही.

"कसल्या काचा?"

"रक्त तपासायच्या. शिरूरला शिक्षण आहे – देवी काढणाऱ्या, लस टोचणाऱ्या लोकांचं."

"म्हंजी आमचंच की!" तो हसला. "उभा जलम देवी काढण्यात गेला माझा. आता सरकारच म्हणतंय, देवी गेली. पार गेली. मंग आमी बी गपगुमान घरी जावं का न्हाई? तर म्हणत्यात, आता हिवताप शिका, गोळ्या शिका, लेकरांची वजनं शिका. ह्या वयात?"

"मग जाता कशाला?"

"हुकूम आला म्हणून. बसायचं, चहा प्यायचा, घरी यायचं."

"आणि शिकवणाऱ्याला काय सांगणार?"

"कोन तरी नर्सबाई हाय म्हणं दौंडची. लई कडक."

"इतकी काही कडक नाही," द्वारका म्हणाली. "पण चहा मधल्या सुट्टीतच मिळेल."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. दुसरा कुणी असता तर त-त-प-प झाला असता. हा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मंग बरंच झालं, बाई. वर्गात सांगायचं हुतं ते हितंच सांगून झालं."

शिरूर येईपर्यंत त्यानं पेटी खाली ठेवली नाही. उतरताना तिच्या हातात देऊन म्हणाला, "सावळाराम शेवाळे. तळेगाव ढमढेऱ्याचा. हजेरीला नाव येईलच."

द्वारकाला खरं म्हणजे राग यायला हवा होता. तो आला नाही, एवढं तिच्या लक्षात आलं.

ती सदतीस वर्षांची होती. वडील दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर होते. ते गेले तेव्हा ती नुकती नर्सिंग शिकून बाहेर पडली होती. धाकट्या दोन भावांची शिक्षणं तिनं केली, लग्नं तिनं केली. तिचं राहिलं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. गालांवर बारीक व्रण होते – लांबून दिसत नसत, जवळ बसलं की दिसत. बघायला आलेले लोक जवळच बसत. दोनदा तसं झाल्यावर तिनं आईला सांगून टाकलं, की आता कुणाला चहा करू नकोस. हे तिनं न रडता सांगितलं होतं, आणि नंतरही तिला त्याबद्दल फारसं रडू आलं नव्हतं.

शिकवायला मात्र तिला आवडे. शिरूरच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा पहिला वर्ग भरणार होता आणि तो तिच्याकडे दिला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "सिस्टर, ही जुनी माणसं आहेत. ही नाही शिकली, तर पुढच्या वर्गाला पुण्याहून कुणी पुरुष मागवावा लागेल. तुम्हाला परत उपकेंद्रावर जावं लागेल."

पहिल्याच दिवशी तिला अडचण कळली. तरुण पोरांना काहीतरी व्हायचं असतं, म्हणून ती शिकतात. या माणसांना काहीच व्हायचं नव्हतं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नव्या हुद्द्याचं ‘बहुउद्देशीय कर्मचारी’ हे नावच कुणाच्या तोंडात बसेना. पोपटराव म्हणून एक पोट सुटलेले गृहस्थ होते, ते ‘बहुदेशी’ म्हणत आणि स्वतःच हसत. ते कशासाठी आले होते? घरी सुना होत्या, त्यांच्या कटकटीपेक्षा शेड बरी, म्हणून. बन्सी नावाचा एकजण आला होता, कारण न आल्यास शिपाई करतील असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं. आणि शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून, सावळाराम शेवाळे.

तो ऐकत होता. इतकं नीट ऐकत होता की तिनं काल सांगितलेलं आज विचारलं तर न अडखळता सांगे – डास कुठे अंडी घालतो, थंडी वाजून ताप किती वेळानं येतो, सगळं. पण लिहून घ्यायची वेळ आली की त्याची पेन्सिल हरवे. फळ्याजवळचा तक्ता त्याला शेवटच्या बाकावरून घडाघडा वाचता येई. हातात कागद दिला की तो शेजाऱ्याकडे सरकवी.

"शेवाळे, तुम्ही वाचा."

"ह्यो पोपटराव चांगला वाचतो, बाई. आवाज हाय त्याला."

"मला तुमचा आवाज ऐकायचाय."

"तो तर गाडीतच ऐकला की तुम्ही... पुरे झाला न्हाई?"

बाकीचे हसले. द्वारकालाही हसू आलं आणि तिनं ते फळा पुसताना, पाठ करून, हसून घेतलं.

असं आठवडाभर चाललं. तिच्या लक्षात आलं होतं, की शेडमध्ये शिरल्यावर तिची नजर आधी शेवटच्या बाकावर जाते. तिथं माणूस आहे ना, हे पाहून मग ती हजेरी घेते. यात वाईट काही नव्हतं. पण ते तिला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हेही तिला माहीत होतं.

मग काचा काढायचा दिवस आला.

काम सोपं होतं. समोरच्याच्या डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट धरायचं. स्पिरिटनं पुसायचं. सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पसरायचा. आधी एकमेकांवर शिकायचं. पण एकमेकांना टोचायला कुणी तयार होईना, तेव्हा द्वारकानं स्वतःचा हात टेबलावर ठेवला.

"माझ्यावर शिका. मी ओरडत नाही."

पोपटरावांनी टोचलं. बन्सीनं टोचलं, त्याचाच हात जास्त थरथरत होता. मग ती म्हणाली, "शेवाळे."

सावळाराम आला. समोर बसला. त्यानं तिचा हात धरला – हलकेच, पाखरू धरावं तसा. सुई उचलली. बोटाजवळ नेली... आणि थांबला. पुन्हा नेली. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं सुई खाली ठेवली, तिचा हात टेबलावर ठेवला, "मला न्हाई जमायचं," म्हणाला आणि उठून शेडबाहेर गेला.

पोपटरावांनी उगीच घसा साफ केला.

द्वारकाचा हात तसाच टेबलावर होता. तिनं तो उचलून मांडीवर घेतला. असा सोडलेला हात तिला नवा नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वाड्यात बाळंतिणीला पाहायला गेली होती, तेव्हा घरातल्यांनी आधी आडनाव विचारलं होतं आणि मग आतली बाई झोपली आहे असं सांगितलं होतं. तेव्हापासून अशा ठिकाणी ती काही बोलत नसे. काम करी आणि निघे.

पण या वेळी ती उठली आणि बाहेर गेली.

तो चिंचेखाली उभा होता, पाठमोरा.

"शेवाळे, एक विचारते. खरं सांगा. माझा हात धरायचा नव्हता म्हणून उठलात?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय बोलता हे, बाई..."

"मला सवय आहे. फक्त सांगा. म्हणजे उद्यापासून मी तुमच्यासमोर बसणार नाही."

"अवो, उभ्या तालुक्यातलं दंड धरलेत म्या! वाड्यातलं, वस्तीतलं, पालातलं. हात धरल्याबिगर देवी निघत्यात व्हय? माझ्या मनात असलं कवा... कवा सुदिक..."

"मग?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पाटी फुटलेल्या मुलासारखा दिसू लागला.

"दिसत न्हाई मला," तो म्हणाला.

"काय?"

"जवळचं दिसत न्हाई. झाली दोन वर्सं. लांबचा माणूस वळखतो, पन हातातली सुई म्हंजी नुसतं धुकं. देवी काढताना काय अडलं न्हाई – दंड कुठं हाय ते हाताला म्हाईत हुतं. पन हे बोटाचं टोक... तुमालाच कुठंतरी भोसकलं असतं म्या."

"मग सांगायचं ना!"

"कुणाला सांगू? डॉक्टरला? डोळं गेलं म्हटल्यावर कामातनं काढत्यात. त्यापरीस शिकत न्हाई म्हटलेलं बरं. आडमुठा हाय म्हणत्यात... म्हणू दे. म्हातारा झाला म्हणण्यापरीस बरं."

द्वारका त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू आलं. मनापासून, मोठ्यानं. आता ते लपवायला फळा नव्हता.

"शेवाळे, डोळे नाही गेले. चाळिशी लागलीय तुम्हाला."

"तेच की."

"तेच नाही. चाळिशी सगळ्यांना लागते. बाजारात मिळते."

शिरूरच्या बाजारात, कापडवाल्यांच्या पुढे, एक चष्मेवाला पोत्यावर चष्मे मांडून बसत असे. बाजाराच्या दिवशी दोघं तिथं उभी राहिली, मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून. समोरच्या भज्यांच्या गाड्यावर पोपटराव खात उभे होते आणि इकडेच पाहत होते.

"आईसाठी चाळिशी घ्यायचीय," द्वारका मोठ्यानं म्हणाली. "शेवाळे, जरा लावून बघा हो. अंदाज येईल."

"तुमच्या आईच्या नाकाचं माप माझ्या नाकावर घेता व्हय?"

"आईचं नाक लहान आहे. पण चालेल."

चष्मेवाल्यानं वर्तमानपत्राचा तुकडा पुढे केला. पहिला चष्मा चालला नाही, दुसरा चालला नाही. तिसरा लावला आणि सावळाराम वाचू लागला – गुळाचे भाव, कुठल्या तरी गावची कुस्ती, केसांच्या तेलाची जाहिरात. वाचतच सुटला. थांबेचना. तिला त्याचा आवाज ऐकायचा होता. आता तो भर बाजारात घुमत होता.

"पुरे," ती म्हणाली. "आईला आवडेल हा."

तो हसत तिच्याकडे वळला. चष्मा डोळ्यांवरच होता. मधलं हातभर अंतर वाचण्याच्या नादात कधी कमी झालं होतं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

त्याचं हसू थांबलं.

त्यानं काय पाहिलं ते द्वारकाला लगेच कळलं. तिला ही नजर पाठ होती. आधी गाल, मग जरा वेळ, मग दुसरीकडे बघणं. तिनं पदर ओढून घेतला आणि चष्मेवाल्याकडे तोंड केलं.

पण सावळारामनं दुसरीकडे पाहिलं नाही.

"कवा आल्या हुत्या?" त्यानं हळूच विचारलं.

"पाच वर्षांची होते. पंचेचाळीस साल असेल."

तो मनाशी काहीतरी जुळवत राहिला.

"तवा म्या गुरं राखीत हुतो तळेगावात," तो म्हणाला. "न्हाईतर आलो असतो, बाई. दौंडपतुर चालत आलो असतो."

भज्यांच्या गाड्यावर तेल चरचरत होतं. कुणीतरी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होतं. द्वारकाला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, हलकंफुलकं, जसं ती रोज देई. पण ती म्हणाली, "चला, पोपटराव बघतायत."

"बघू द्या. त्याला बी दिसत नसंल नीट."

आणि ते खरंच निघालं. दुसऱ्या दिवशी सावळाराम चष्मा लावून वर्गात बसला तेव्हा पोपटरावांनी आधी थट्टा केली, मग म्हणाले, "जरा बघू." चष्मा लावून त्यांनी हातातल्या काचेकडे पाहिलं आणि ती उलटसुलट फिरवत राहिले. दुपारपर्यंत तो एकच चष्मा शेडभर फिरला. पुढच्या बाजारी चष्मेवाल्याचं पोतं बरंच रिकामं झालं. सगळे शिकले असं नाही. बन्सीचा हात शेवटपर्यंत थरथरत राहिला आणि त्याला औषधवाटपाचं काम द्यावं लागलं. पण बाकीच्यांनी काचा काढल्या.

सावळारामनं पहिली काच द्वारकाच्या बोटावर काढली. सुई टोचलेली तिला कळलीही नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं कवाच. तुम्हीच हात काढंनात."

तिनं हात काढला.

वर्ग संपला तो मार्चच्या सुरुवातीला. द्वारकाला दौंडला पुढचा वर्ग मिळाला, सावळारामला कारेगाव आणि आसपासच्या वाड्या. निघायच्या दिवशी तो स्टँडवर आला. आता पेटीत काचा उरल्या नव्हत्या, तरी ती त्यानंच धरली.

"बाई, एक सांगू? चिडू नगा. ह्या वयात माझ्या डोस्क्यात काय बी शिरत न्हवतं. शिरलं ते... तुम्ही समोर होता म्हणून. रोज सकाळी वाटायचं, आज काय तरी येयाला पायजे, बाई विचारतील. आता कुणासाठी शिकायचं?"

आठवडाभरापूर्वी हे कानावर आलं असतं तर ती रात्रभर जागली असती. आता मात्र तो गावात एकट्यानं काम करायला निघाला होता, म्हणून तिला ते टोचलं.

"माझ्यासाठी शिकलात?"

"व्हय. खोटं कशाला बोलू?"

"मग वाईट झालं," ती म्हणाली. "मी आता दौंडला असणार. कारेगावात कुणाला ताप आला तर तुम्ही काय करणार – ओव्हाळ बाई समोर नाहीत म्हणून सुई खाली ठेवणार? मी दोन महिने घसा कोरडा केला तो त्या लोकांसाठी. माझ्यासाठी नव्हे."

"तसं न्हवतं म्हणायचं मला..."

"पेटी द्या. गाडी लागलीय."

खिडकीतून तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो तिथंच, टोपी हातात घेऊन उभा दिसला असता. न्हावरं गेल्यावर तिला वाटू लागलं की आपण फार बोललो. दौंड येईपर्यंत वाटलं, की जे बोललो ते बरोबरच होतं. दोन्ही वाटणं पुढे कित्येक दिवस तिच्यासोबत राहिली. दौंडच्या वर्गात ती पहिल्याच दिवशी चष्मे लावून बघायला सांगे. काम चांगलं चाललं होतं. हजेरी घेताना मात्र शेवटच्या बाकाकडे बघायची सवय सुटायला वेळ लागला.

सावळारामनं काही कळवलं नाही. तिनंही नाही.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तिला शिरूरला बोलावलं. शिकलेली माणसं गावात कसं काम करतात ते तिनं पाहून यावं, असं ठरलं होतं. कारेगावला ती मुद्दाम शेवटी गेली.

वेशीजवळच्या घरापुढे आरडाओरडा चालला होता. सरूबाई नावाची एक म्हातारी दारात आडवी उभी होती आणि आत घोंगडी पांघरून कुणीतरी कण्हत होतं.

"सुईवाल्याला घरात घ्येनार न्हाई म्या! त्या आनीबानीच्या साली असंच औषधाचं म्हणून न्हेलं आन् माझ्या पुतन्याचं आपरेशन करून धाडलं. पुन्यांदा न्हाई!"

तिच्यासमोर अंगणात सावळाराम उकिडवा बसला होता. चष्मा नाकावर, पिशवी बाजूला. द्वारका बाभळीमागेच थांबली.

"आक्का, ऐका तर. ही बगा सुई. एवढीशी हाय." त्यानं सगळ्यांसमोर स्वतःचं बोट पुसलं, टोचलं, थेंब काचेवर घेतला. "झालं. हितकंच. ह्यात आपरेशन कुठं आलं? तुमच्या पोरीला थंडी वाजून ताप येतोय, एक दिवसाआड येतोय. ह्यो हिवताप असंल तर गोळ्यांनी जातोय. न्हाई दिल्या तर पोर जाईल, आक्का. म्या दोनदा आलो, तुम्ही हाकललं. उद्या बी येणार. परवा बी येणार. मला दुसरं काम न्हाई."

म्हातारी बराच वेळ त्याच्या बोटाकडे बघत राहिली. मग दारातून जराशी सरकली. फार नाही, माणूस जाईल इतकीच.

तो बाहेर आला तेव्हा द्वारका अंगणात उभी होती. तो दचकला, मग हसला नाही, लाजलाही नाही. सरळ म्हणाला, "बाई, बरं झालं आलात. एक इचारायचं हुतं. गरवार बाईला ताप आला तर त्याच गोळ्या द्यायच्या का? डॉक्टरला इचारलं तर म्हणाले, शिकवलं न्हाई का तुम्हाला. म्हटलं, शिकवलं असंल, पन म्या तवा दुसरीकडं बघत हुतो."

तिनं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं, परत म्हणून दाखवलं. आणखी विचारलं. पावसानं सगळीकडे डबकी साचली होती. त्यांच्या काठाकाठानं दोघं फाट्याकडे चालू लागली. बाजरी कमरेइतकी झाली होती. बराच वेळ ती नुसती हिवतापाबद्दल बोलत राहिली.

मग द्वारकानं विचारलं, "आता कुणासाठी शिकता?"

तो चालायचा थांबला.

"तुम्ही स्टँडवर बोलला, ते लई लागलं मला. चार दिवस घराबाहेर पडलो न्हाई. मंग वाटलं, बाई चुकीचं काय बोलल्या? आलो कारेगावला. पयल्या पयल्यांदा तुमाला दाखवायचं म्हणून करत हुतो. मंग एका घरातली पोर उठून बसली. भाकर मागितली तिनं. त्या दिवशी तुमची सय सुदिक आली न्हाई, खरं सांगतो. रात्री आली."

द्वारकानं बाजरीचं एक पान तोडलं.

"आता शिकायला तुम्ही लागत न्हाई मला," तो म्हणाला. "तुम्ही नसला तरी म्या शिकतो. आन् तरी बी तुम्ही पायजे. हे दोन येगळं हाय... हे मला आता कळलंय. बायको तरणीच गेली माझी, लेकरूबाळ न्हाई. तवापास्नं कुणाला असं म्हटलं न्हवतं."

बाजरीवरून वारा गेला. फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"गाडी आली," द्वारका म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त साडीचा पदर तिनं मुठीत घट्ट धरला होता. "शेवाळे, असं रस्त्यात विचारतात का? माझी आई आहे दौंडला."

तो दौंडला आला तो पुढच्या रविवारी. धुतलेलं धोतर, कडक टोपी, हातात केळी. द्वारका नळावर गेली होती. तिची आई ताईबाई उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. तिनं पांढऱ्या टोपीकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि दंडावरची चोळी वर सारू लागली.

"देवी काढाया आला व्हय, बाबा? देवी तर गेली म्हणं."

"न्हाई, आई. देवी गेली. म्या सावळाराम शेवाळे. तळेगावचा. म्या... मागणी घालाया आलोय."

"कुणाला?"

"तुमच्या द्वारकाबाईंना."

ताईबाईनं सूप खाली ठेवलं. त्याला घरात बोलावलं, पाणी दिलं. तो ते घटाघटा प्यायला, आणि म्हातारीनं तेवढं मनात नोंदवून ठेवलं. मग तिनं विचारायला सुरुवात केली. द्वारका हंडा घेऊन दारात आली तेव्हा चौकशी अर्ध्यावर पोचली होती.

"घरी कोन हाय?"

"थोरली बहीण. गिताबाई. तिनंच सांभाळलं मला."

"तिला सांगितलंय का, आमी कोन ते?"

"सांगितलं."

"मंग काय म्हणाली?"

सावळारामनं दारात उभ्या द्वारकाकडे पाहिलं. तिच्यापासून हे लपवायचं नाही, असं ठरवूनच तो आला असावा.

"कायच न्हाई. बोलायची बंद झालीय. ताट वाढती, पन बोलत न्हाई. भावकीतलं चारजन येऊन गेलं. म्हणाले, घरात राहून हे जमायचं न्हाई."

"मग?" आता द्वारकानं विचारलं. हंडा अजून तिच्या कमरेवरच होता.

"मंग घर सोडायचं. दौंडला बदली मागितलीय. हिकडं बी डास हायेतच की." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "ती आज ना उद्या बोलंल. न बी बोलंल. म्या वाट बघंन. पन तिच्यासाठी थांबायचा न्हाई. तुम्ही न्हाई म्हटलात तर मात्र..."

"तर?"

"तर केळी ठेवून जाईन."

ताईबाई पदरात तोंड घालून हसली. द्वारका हसली नाही. तिनं हंडा उतरवला, पाणी ओतलं, हात पुसले. तिला वाटलं होतं, हा क्षण आला तर फार मोठं काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. मनातल्या मनात ती खोलीची लांबीरुंदी मोजत होती.

"ही खोली लहान पडेल," ती म्हणाली. "स्टेशनच्या पलीकडं दोन खोल्या मिळतात का, बघून ठेवा. आई येणार आपल्याबरोबर."

सावळाराम तिच्याकडे बघत राहिला. "कुणाबरोबर?"

"आपल्याबरोबर," द्वारका म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.